घरच्या बिअरचे घोटाळे

घरी केलेली बिअर बिघडते एका दिवशी आणि कळते भलत्याच दिवशी. माल्टचा रस उकळल्यापासून पहिली बाटली उघडेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर पाणी, थर्मामीटर, यीस्ट, साखर, नळी, झाकण यांपैकी नेमके कोण चुकले हे करणाऱ्याला आठवत नाही, आणि दोष जंतूंवर ढकलला जातो. 'इन्फेक्शन झालं' हे या छंदातले सर्वांत सोपे निदान, आणि बहुतेक वेळा चुकीचेही. घरगुती बिअर नासते ती जास्त करून घाईने, उकाड्याने आणि मोजमापातल्या ढिलाईने.

या छंदाचे आजचे रूप मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात घडले, आणि तिथल्या चुकांनाही कायद्याचा इतिहास आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बिअर कंपन्या पाकासारखे दाट माल्ट एक्स्ट्रॅक्ट डब्यांतून विकत. वरकरणी ते पाव-बिस्किटांसाठी असे. घेणारे ते तळघरात नेऊन साखर, पाणी आणि पावाच्या यीस्टबरोबर मातीच्या बरणीत आंबवत. आंबणे संपले की नाही हे मोजायला काही साधन नसे. फेस बसला की बाटल्या भरायच्या आणि रात्री तळघरातून फटाके ऐकायचे. बंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, बिअर मात्र वगळली गेली. ही उणीव भरून काढणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांची सही झाली ती १४ ऑक्टोबर १९७८ रोजी. फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. तरी मिसिसिपी आणि अलाबामा या दोन राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ उजाडले. ब्रिटनमध्ये हे आधीच झाले होते: १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला.

कायदा उशिरा आल्यामुळे ज्ञानही उशिरा आले. सुरुवातीच्या पिढीची ठरलेली कृती म्हणजे माल्ट एक्स्ट्रॅक्टचा एक डबा आणि किलोभर साखर. डब्याच्या झाकणाखाली यीस्टची पुडी चिकटवलेली असे आणि दुकानाच्या फळीवर ती किती महिने उन्हाळे-हिवाळे सोसत पडली होती याचा पत्ता नसे. अशी बिअर पाणचट लागे, वर हिरव्या सफरचंदाची झाक. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकते, मागे अंग देणारे काही उरत नाही, म्हणून पाणचटपणा साखरेचा हे खरे. सफरचंदी वासाचे खापर मात्र तिच्यावर जरा जास्तच फुटले. जुनाट एक्स्ट्रॅक्ट आणि अर्धमेले यीस्ट यांचा त्यात मोठा हात असे. चार्ली पापाझियन यांनी १९७८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर येथे अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन काढली आणि १९८४ मध्ये 'द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग' हे पुस्तक आणले, तेव्हापासून ताजे यीस्ट, बिअरला कडूपणा देणारे ताजे हॉप्स आणि मोजमाप यांची भाषा सामान्य घरांत पोचली.

मोजमापाची पहिली फसगत तर पुस्तकातच दडलेली असते. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी ३.७८५ लिटरचा. म्हणजे पाच गॅलनची कृती एकीकडे साडेबावीस लिटरच्या वर जाते आणि दुसरीकडे एकोणीस लिटरच्या आत राहते. ब्रिटिश पुस्तक अमेरिकेत वापरणाऱ्याची बिअर विनाकारण कडक होते आणि उलट केले तर फिकी. हॉप्सचे तसेच. कडूपणा वजनावर ठरत नाही, त्यातल्या अल्फा आम्लाच्या टक्केवारीवर ठरतो. पाच टक्क्यांचे हॉप्स मिळाले नाहीत म्हणून तेवढ्याच वजनाचे तेरा टक्क्यांचे टाकले की कडूपणा अडीच पट होतो, आणि तो नंतर कशानेही निघत नाही. शिवाय पिशवी उघडून महिनोन्महिने ठेवलेल्या हॉप्सना जुन्या चीजचा वास येतो. तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. घरी हॉप्स पिकवणारे हौशी लोक बऱ्याचदा ते नीट न वाळवता साठवतात आणि मग बिअरमध्ये मोजे कुठून आले याचा शोध घेत बसतात.

पाण्याकडे नवख्याचे लक्ष सगळ्यांत शेवटी जाते, वास्तविक बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर तेच असते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माल्टमधल्या आणि यीस्टने तयार केलेल्या फिनॉल द्रव्यांशी जुळले की क्लोरोफिनॉल बनते. त्याचा वास जखमेवर लावायच्या चिकटपट्टीसारखा, दवाखान्याचा. अब्जात काही भाग एवढे सूक्ष्म प्रमाणही नाकाला कळते. क्लोरीन नुसते उकळून किंवा रात्रभर उघडे ठेवून जाते. पण बऱ्याच शहरांच्या जलविभागांनी क्लोरीनऐवजी क्लोरामिन वापरायला सुरुवात केली, आणि ते असे सहजी उडत नाही. वर्षानुवर्षे चांगली बिअर करणाऱ्या माणसाच्या लागोपाठ दोन-तीन बॅच अचानक औषधी लागू लागतात, तो सगळी भांडी बदलतो, नळ्या फेकून देतो, आणि कारण निघते नगरपालिकेचे. उपाय स्वस्त आहे: पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी, म्हणजे दुकानात कॅम्पडन नावाने मिळणारी, वीस लिटर पाण्यात काही मिनिटांत काम करते. ब्लीचने भांडी धुऊन ती नीट न विसळणे हा त्याच वासाचा दुसरा रस्ता.

अख्ख्या माल्टपासून बिअर करणारे दळलेला माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवतात. इथे थर्मामीटर खोटे बोलला तर सगळेच हुकते. बीटा अमायलेज हे विकर सत्तरीच्या पुढे झपाट्याने निकामी होते. मग पिठूळ साखरेच्या लांब साखळ्या तशाच राहतात आणि यीस्टला त्या पचत नाहीत. बिअर गोडसर, जड होते, आणि आंबणे अडकले असे समजून तिच्यात पुन्हापुन्हा यीस्ट ओतले जाते, ज्याचा काडीचा उपयोग नसतो. दळण फार बारीक झाले तर चोथ्याचा चिखल बनून रस खाली उतरतच नाही. त्यासाठी भाताची टरफले मिसळतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रुअर मंडळींनी सगळा माल्ट जाळीच्या पिशवीत भिजवून पिशवीच उचलायची पद्धत रूढ केली, तेव्हापासून ही कटकट पुष्कळ कमी झाली.

उकळण्याचा टप्पा धोक्याचा कमी आणि पसाऱ्याचा जास्त. गाळलेल्या रसाला वर्ट म्हणतात. तो उकळीला येताना त्यातली प्रथिने गोळा होऊन दाट फेस चढतो आणि क्षणात शेगडीवर येतो. जळलेला वर्ट काचेच्या शेगडीवर असा काही बसतो की घरातल्या इतर माणसांचा या छंदाबद्दलचा कायमचा ग्रह तिथेच होतो. भांडे एक तृतीयांश रिकामे ठेवणे आणि पाण्याचा फवारा हाताशी असणे एवढे पुरते. पहिले हॉप्स टाकतानाही तसाच फेस उसळतो, हे मात्र विसरले जाते. एक्स्ट्रॅक्टवाल्यांची चूक वेगळी. जाड पाक चालू आचेवर ओतला की तो तळाशी बसून करपतो, म्हणून ओतताना आच बंद करायची असते. झाकण लावून उकळणे हे इंधन वाचवण्याच्या सवयीतून होते. फिकट माल्टमध्ये एस-मिथिल मेथिओनीन नावाचे द्रव्य असते, त्यापासून उष्णतेत डायमिथिल सल्फाइड तयार होते. वाफेबरोबर ते जायला हवे. झाकण असले की थेंब होऊन परत पडते आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास येतो. थंडीत गॅरेजचे दार लावून मोठा प्रोपेन बर्नर पेटवणे ही सगळ्यांत गंभीर चूक. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उकळी संपल्यावर वर्ट भराभर थंड करायचा असतो. तांब्याच्या गुंडाळीतून नळाचे पाणी फिरवले की वीस लिटर अर्ध्या तासात उतरतात. या अर्ध्या तासात घडणारे अपघात जवळपास सगळे नळीचे. गुंडाळीच्या तोंडाशी क्लिप ढिली असेल तर नळाचे पाणी ठिबकत उकळलेल्या वर्टमध्येच पडते. रबरी नळी तापलेल्या भांड्याला टेकून वितळते. खालचा कॉक उघडा राहून दिवसभराची मेहनत मोरीत जाते. उन्हाळ्यात नळाचे पाणीच पंचवीस अंशांचे असते, तेव्हा वर्ट अठरापर्यंत येणे शक्य नसते. तरीही रात्र झालेली, माणूस दमलेला, तो तसाच यीस्ट टाकून मोकळा होतो. झाकण लावून, स्वच्छ राहील असे बघून, सकाळपर्यंत थांबले तर काही बिघडत नाही. चाळीसच्या वर गेलेल्या वर्टमध्ये यीस्ट टाकणे म्हणजे कडकडीत दुधात विरजण घालणे; पुडी वाया जाते आणि दोन दिवस काहीच का होत नाही याचे कोडे पडते.

याच वेळी हायड्रोमीटरने घनता मोजतात. पाण्याची घनता १.००० धरली तर मध्यम ताकदीच्या बिअरचा वर्ट १.०५० च्या आसपास असतो आणि आंबून तो १.०१० ते १.०१२ पर्यंत उतरतो. दोन आकड्यांतील फरकाला सुमारे १३१ ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. या उदाहरणात पाच-सव्वापाच. आकडा चुकायच्या वाटा अनेक. हायड्रोमीटर बहुधा २० किंवा १५.६ अंशांसाठी आखलेला असतो, त्यामुळे गरम वर्टमध्ये तो कमी दाखवतो. दांडीला बुडबुडे चिकटले की वर उचलला जाऊन जास्त दाखवतो. थोड्या पाण्यात एक्स्ट्रॅक्ट उकळून मग वर थंड पाणी घालणाऱ्यांची गोष्ट याहून गमतीची. जड वर्ट तळाशी राहतो, पाणी वर तरंगते, नमुना तळच्या कॉकमधून घेतला तर आकडा अवाच्या सवा येतो आणि वरून घेतला तर मुळीच येत नाही. घाबरून पाणी किंवा साखर वाढवली की चांगली असलेली बॅच खरोखर बिघडते. एक्स्ट्रॅक्ट आणि पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घातले असेल, तर घनता चुकणे जवळजवळ अशक्यच असते. रिफ्रॅक्टोमीटर आंबलेल्या बिअरमध्ये सरळ वाचता येत नाही, कारण अल्कोहोल प्रकाश वेगळा वाकवते. हे माहीत नसल्याने कितीतरी बिअर 'अडकलेल्या' ठरतात. आणि काचेचा हायड्रोमीटर टेबलावर आडवा ठेवला की घरंगळतो. अनुभवी माणूस दुसरा विकत घेऊन ठेवतो.

आंबवण सुरू झाली की वर्टवर तपकिरी, चिकट फेसाचा थर चढतो. त्याला जर्मन नाव आहे, क्रॉयझेन. भांडे काठोकाठ भरले असेल, यीस्ट जोमदार असेल आणि बिअर कडक असेल, तर हा फेस झाकणावरच्या एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीत, शिरतो. त्यात हॉप्सचा चोथा अडकला की वायूला वाट राहत नाही. यीस्ट थांबत नाही. काही तासांत झाकण उडते, आणि छतापर्यंत डाग जातात. छंदाच्या गोष्टींमध्ये ही गोष्ट सर्वांत जास्त रंगवून सांगितली जाते, पण नुकसान म्हणाल तर रंगकामाचे. आत वायू जोरात वर येत असल्याने बिअर अनेकदा सुखरूप असते. झाकण पुसून परत लावले की झाले. एअरलॉकच्या जागी जाड नळी बसवून तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात सोडले, तर पहिले तीन दिवस निर्धास्त जातात.

खरे नुकसान करणारी गोष्ट शांतपणे घडते. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे भांड्यातले तापमान खोलीपेक्षा दोन ते पाच अंशांनी जास्त असते. बहुतेक एल प्रकारांच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. खोलीत २४ असले तर आत २८ होतात, आणि यीस्ट जड अल्कोहोल तयार करते. अशी बिअर घशाला जाळते, नेलपॉलिशसारखा वास देते आणि दुसऱ्या दिवशी डोके धरते. हा दोष मुरवून फारसा जात नाही. पहिल्या तीन दिवसांतच तो पक्का होतो, म्हणून आठव्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवून काही मिळत नाही. टबात पाणी, पाण्यात भांडे, भांड्याभोवती ओला टीशर्ट आणि दिवसातून दोनदा बर्फाच्या बाटल्या: हा उपाय दिसायला बावळट असला तरी चार-पाच अंश उतरवतो. जुना फ्रिज आणि नियंत्रक घेणाऱ्यांचीही एक चूक ठरलेली, ती म्हणजे तापमानाची कांडी हवेत लोंबकळती ठेवणे. फ्रिज मग हवेचे तापमान सांभाळत राहतो. कांडी भांड्याला चिकटवून वरून फोम लावला तरच तो बिअरचे ऐकतो.

थंडीचे दोष वेगळे. लागर ९ ते १३ अंशांत आंबते. यीस्ट कमी पडले किंवा लवकर थंडीत टाकले तर डायअसेटिल उरते आणि बिअरला लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास येतो. वास्तविक यीस्ट हे द्रव्य स्वतःच परत खाते, फक्त त्याला शेवटी दोन-तीन दिवस १८ अंशांच्या आसपास उबेत ठेवावे लागते. तपासायची युक्ती जुनी आणि नामी. ग्लासभर बिअर झाकून साठ अंशांवर थोडा वेळ तापवायची, थंड करून हुंगायची. लोणी आले तर यीस्टचे काम संपलेले नाही.

'बुडबुडे थांबले' ही खूण दोन्ही बाजूंनी फसवते. झाकण नीट बसले नसेल तर वायू कडेने निघून जातो आणि जोरात आंबणारी बिअर मेलेली वाटते. उलट हवा तापली की आंबून संपलेल्या बिअरमधूनही विरघळलेला वायू सुटतो आणि एअरलॉक बोलू लागतो. भरवशाची खूण एकच, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे येणे. नवखा माणूस याच काळात दर दिवशी झाकण उघडून बघतो आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत सोडतो.

हवेचा मुद्दा घरगुती बिअरच्या इतिहासात उलटापालटा झाला. जुन्या पुस्तकांत आठवड्याने बिअर दुसऱ्या भांड्यात काढायला सांगत, नाहीतर मेलेल्या यीस्टचा रबरी वास लागेल अशी भीती घालत. मोठ्या कारखान्यांतल्या उंच टाक्यांत, यीस्टवर दाब येतो तिथे, ती भीती खरी आहे. वीस लिटरच्या डब्यात तीन-चार आठवड्यांत तसे काही घडत नाही. उलट भांडे बदलताना हवा मिसळून बिअर काही दिवसांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागते. जॉन पामर यांचे 'हाऊ टू ब्रू' हे पुस्तक अनेकांचे पाठ्यपुस्तक, त्यांनीही पुढे हा सल्ला बदलला. भरपूर हॉप्सच्या गढूळ आयपीए बिअरमध्ये हवेची शिक्षा डोळ्यांना दिसते. केशरी-पिवळा रंग आठवड्याभरात राखाडी-तपकिरी होतो आणि फळांचा वास नाहीसा होतो. भांडे एकदम थंड करायला ठेवले की आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधले पाणी आत ओढले जाते, हा त्यातलाच छोटा अपघात. म्हणून काही जण तिथे व्होडका भरतात.

जंतू अगदीच निर्दोष नाहीत. लॅक्टोबॅसिलस बिअर आंबट करतो, पेडिओकॉकस तिला तार आणतो, ब्रेटानोमायसिसला गोठ्याचा वास असतो आणि वर सुरकुतलेली पांढरी साय धरते. लुई पाश्चर यांनी १८७६ च्या आपल्या बिअरवरील ग्रंथात हे बिघाड सूक्ष्मजीवांचे आहेत हे मांडले, आणि कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. घरात जंतू शिरतात ते बहुधा दोनच ठिकाणांहून: तारेच्या चोथ्याने घासून ओरखडे पडलेला प्लॅस्टिकचा डबा आणि बाटल्या भरायच्या भांड्याचा कॉक. हा कॉक खोलता येतो हे पुष्कळांना माहीतच नसते. तो खोलला की आत निघणारा तपकिरी चिखल एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तो न खोलता वापरत नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे वेगळी भीती येणे साहजिक आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉल हे कारखान्यातले रसायन मिसळलेले होते. माल्ट आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते, आणि अल्कोहोल, आम्लता व हॉप्स या तिघांपुढे माणसाला आजारी पाडणारे जंतू टिकत नाहीत. बिघडलेली घरगुती बिअर तोंड वाकडे करते, जीव घेत नाही. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हाच आहे, मग ते कितीही निर्धोक असो. त्यामुळे या छंदातले मराठी लोक भेटतात ते सिअ‍ॅटल, मेलबर्न, लंडन अशा ठिकाणी.

बाटल्या भरण्याचा दिवस सर्वांत कंटाळवाणा आणि म्हणून सर्वांत चुकांचा. पन्नास-साठ बाटल्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, भरायच्या. कॉक उघडा ठेवून वरून बिअर सोडणे हा इथला नित्याचा प्रसंग. ओला पाय जाणवेपर्यंत दोन लिटर गेलेली असते. पण गंभीर भाग साखरेचा. बाटलीत फेस येण्यासाठी थोडी साखर घालतात, आणि यीस्ट ती खाऊन बंद बाटलीत वायू सोडते. वायू बिअरच्या आकारमानाच्या पटीत मोजतात. साधारण एलला २.४ पट पुरतो. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८५ पट आधीच विरघळलेला असतो, उरलेल्यासाठी लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वीस लिटरला १२० ते १२५ ग्रॅम साखर लागते. सगळी साखर पाण्यात उकळून बिअरच्या तळाशी ओतायची आणि वर बिअर सोडायची. ती नीट मिसळली नाही तर पहिल्या वीस बाटल्या फेसाळतात आणि शेवटच्या वीस सपाट निघतात. चमच्याने बाटलीगणिक साखर टाकणाऱ्याकडून एखादीत दोनदा पडतेच.

मात्र स्फोट बहुधा या साखरेने होत नाहीत. होतात ते आधीच्या अपुऱ्या आंबवणीने. घनतेचा एक अंक, म्हणजे ०.००१, उरलेला असला की तो बाटलीत आंबून सुमारे अर्धा पट वायू वाढवतो. चार अंक बाकी असताना बाटल्या भरल्या तर २.४ चे ४.४ होतात. साध्या बिअरच्या बाटलीत तीन पटींच्या पुढे जाणे धोक्याचे. थंड तळघरात हे आठवडेच्या आठवडे झाकलेले राहते, आणि पहिल्या उन्हाळी दुपारी एक बाटली फुटते. तिचे तुकडे शेजारच्या बाटलीला लागतात. काही यीस्ट यात छुपा वाटा उचलतात. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच्या डायस्टॅटिकस या प्रकारात असे विकर असते की ते इतर यीस्टला न पचणाऱ्या साखळ्याही हळूहळू तोडते. बेल्जियन सेझोन बिअरचे बरेच यीस्ट या जातीचे आहे. त्याचा अंश कॉकमध्ये राहून पुढच्या साध्या बिअरला लागला तर घनता स्थिर दाखवून भरलेल्या बाटल्याही महिन्या-दोन महिन्यांनी तणावतात. अशा वेळी पेटीजवळ जायचे ते जाड हातमोजे आणि चष्मा घालून. वरून जाड कापड टाकायचे, शक्य तर आधी थंड करायचे, मग एकेक झाकण सैल करून वायू सोडायचा. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटल्यांत यीस्ट मंदावते, थांबत नाही. दर बॅचमधली एक बाटली प्लॅस्टिकची भरण्याची रीत यासाठी उत्तम. ती बोटाने दाबून आतला ताण कळतो.

काचेने याहून वाईट जखमा होतात त्या रिकाम्या-भरलेल्या कारबॉयने. पाच गॅलनची ही बरणी भरली की पंचवीस किलोच्या घरात जाते, आणि धुताना ती साबणाने निसरडी असते. फरशीवर आपटली की खंजिरासारखे लांब तुकडे होतात. मनगटातील आणि तळव्यातील स्नायूबंध तुटून शस्त्रक्रिया करावी लागल्याच्या घटना या छंदात नव्या नाहीत. मानेला बसवलेली मूठ रिकामी बरणी हलवण्यापुरती असते, भरलेली तिने उचलायची नसते. गरम वर्ट थेट ओतूनही तळ तडकतो. प्लॅस्टिकचे आणि स्टीलचे भांडे आल्यावरही कित्येक जुने ब्रुअर काच सोडत नाहीत, कारण आत यीस्टचा नाच दिसतो. ही हौस महाग आहे.

भरून झालेल्या बाटलीला उजेड नासवतो. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर निळा आणि अतिनील प्रकाश पडला की गंधकयुक्त थायॉल तयार होते. अमेरिकेत त्या वासाला स्कंकचा म्हणतात, कारण स्कंकच्या फवाऱ्यातही थायॉलच असतात. स्वच्छ काचेच्या ग्लासात उन्हात ठेवलेली बिअर काही मिनिटांतच वास देऊ लागते. तपकिरी बाटली बरेच वाचवते, हिरवी फारसे नाही. जपून ठेवलेल्या हिरव्या आयात बाटल्यांत घरची बिअर भरणारे दिसायला छान आणि हुंगायला वाईट पेटी खिडकीशी मांडतात.

चव बिघडल्यावर निदानाला आधार असतो तो वहीचा. एकच वास दोन-तीन वाटांनी येतो. लोणी अपुऱ्या आंबवणीचेही असते आणि पेडिओकॉकसचेही, औषधी वास क्लोरीनचाही आणि रानटी यीस्टचाही. तारखा, तापमाने आणि घनतेचे आकडे लिहिलेले असतील तर वाटा कमी करता येतात. लोणी नव्या बाटल्यांत असेल तर पेटी उबेत ठेवून काही दिवसांत जाऊ शकते, बाटल्यांतला ताण वाढतच असेल तर ते जंतूंचे. हिरवे सफरचंद बहुधा बिअर फार लवकर भरल्याचे, दोन-तीन आठवड्यांत ओसरते. पुठ्ठा, क्लोरोफिनॉल आणि जड अल्कोहोल यांवर उपाय नाही. धंदा म्हणून करणाऱ्यांनाही यातून सुटका नव्हती. कॅलिफोर्नियातल्या चिको येथे घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवणारे केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये सिएरा नेवाडाची बिअर काढायला घेतली, तेव्हा पेल एलच्या सुरुवातीच्या अनेक बॅच मनासारख्या न जमल्याने ओतून दिल्या.

ओतून द्यायचीच तर सावकाश द्यावी, कारण वीस लिटर फेसाळ बिअर मोरीत एकदम उसळते. तळाचा यीस्टचा गाळ आणि हॉप्सचा चोथा खतात जातो, पण कुत्रा असलेल्या घरी तो उघड्यावर टाकायचा नसतो. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, त्यांचे अंग जीवघेणे तापते, ग्रेहाउंडसारख्या जातींचे विशेष. ब्रिटनमधले बागवाले उरलेली बिअर वाटीत घालून जमिनीत पुरतात. वासाने बिनशंखाच्या गोगलगायी येतात आणि त्यात बुडतात. त्यांना लोण्याचा, कोबीचा किंवा पुठ्ठ्याचा वास चालतो.